ब्रिज बसवताना एक चिठ्ठीही द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला दातांच्या इम्प्लांटवरचा (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावतात, तो) लेख वाचला. माहिती चांगली होती, पण एका वाक्यापाशी अडखळले. ‘गेलेल्या दाताच्या जागी ब्रिज बसवणं ही आता जुनी झालेली पद्धत आहे’ असं त्यात म्हटलं होतं. मी ते वाचलं दुपारी डबा खाताना, आणि माझ्यासमोर त्या दिवशीच्या ब्रिजच्या नऊ डब्या मांडून ठेवलेल्या होत्या. त्यातले पाच ब्रिज संध्याकाळपर्यंत भट्टीतून काढायचे होते. जुनी पद्धत म्हणे!

मी दंत तंत्रज्ञ आहे. डॉक्टर तुमच्या तोंडात जो दात बसवतात, तो घडवणाऱ्यांपैकी एक. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात आम्हाला ‘डेंटल मेकॅनिक’ म्हटलंय. आमचे हे गमतीने सांगतात, ‘बायको मेकॅनिक आहे’, आणि लोकांना वाटतं मी गॅरेजमध्ये जाते. लालबागच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर घरी बसले ते बसलेच. घरात कुणीतरी लवकर कमवायला लागणं भाग होतं, म्हणून बारावीनंतर दोन वर्षांचा कोर्स केला. त्याला आता चौतीस वर्षं झाली. परळच्या एका गाळ्यात आमची लॅब आहे, सहा माणसं, दोन भट्ट्या. या चौतीस वर्षांत मी किती ब्रिज केले ते मोजलेलं नाही, पण ज्यांच्या तोंडात ते आहेत त्यातल्या एकाचाही चेहरा मी पाहिलेला नाही. म्हणूनच हे पत्र.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मधला एक दात गेला की त्याच्या दोन्ही बाजूंचे दात सगळीकडून कोरून बारीक करतात, खुंट्यांसारखे. त्या खुंट्यांचं माप, म्हणजे मऊ पदार्थात घेतलेला ठसा, आमच्याकडे येतं. दोन खुंट्यांवर दोन कॅपा आणि मध्ये त्यांच्या आधाराने टांगलेला खोटा दात, असं तिघांचं एकसंध काम आम्ही करतो. लॅबच्या भाषेत तीन युनिटचा ब्रिज. डॉक्टर तो सिमेंटने चिकटवतात. कवळीसारखा काढता-घालता येत नाही, म्हणून लोक त्याला ‘फिक्स दात’ म्हणतात. त्या ‘फिक्स’ शब्दानेच निम्मा घोटाळा केलाय, त्यावर येतेच.

काम कसं होतं हे कुणी विचारत नाही, तर मीच सांगते. आधी मेणाचा साचा करून धातू ओततो, सोनार दागिना ओततात तसाच. त्या धातूवर एक अपारदर्शक थर देतो, कारण धातूचा काळेपणा वर दिसला तर दात मेलेला वाटतो. मग सिरॅमिकची पावडर. तांदळाच्या पिठीसारखी असते. ती पाण्यात कालवायची, कुंचल्याने थर चढवत दाढेचे उंचवटे उभे करायचे, आणि नऊशेहून जास्त अंशांवर भाजायचं. भाजल्यावर ती आकसते, म्हणून कच्चा दात मुद्दाम मोठा घडवायचा. किती मोठा, ते हाताला कळतं. झिर्कोनियात (धातूऐवजी वापरतात ते पांढरं, टणक सिरॅमिक) हा हिशेब संगणक करतो: ठोकळ्यातून दात वीस-पंचवीस टक्के मोठा कापतात, आणि पंधराशे अंशांच्या आसपास भाजला की आकसून बरोबर मापाचा होतो. रंगाची गंमत वेगळी. सोळा शेडची एक पट्टी असते. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांचा दात ए-टू किंवा ए-थ्रीला जुळतो, पण लग्न जवळ आलं की सगळ्यांना बी-वन हवा असतो. शेड खिडकीच्या उजेडात, लिपस्टिक पुसून आणि दात कोरण्याच्या आधी बघायची असते, कारण तोंड उघडं राहून दात सुकला की फिका दिसतो. ट्यूबलाइटखाली बघितलेली शेड घेऊन मुलगा आला की मला त्या चिठ्ठीवरूनच कळतं, हे काम परत येणार.

मुलगा म्हणजे लॅबचा मुलगा. आता बऱ्याच दवाखान्यांतून स्कॅनची फाइल येते, पण मी लागले तेव्हा सगळी मापं लोकलने यायची. एक मुलगा वेस्टर्नला, एक सेंट्रलला. साधी मापं अल्जिनेटची असायची. हे अल्जिनेट समुद्रातल्या शेवाळापासून करतात, आणि ते सुकलं की आकसतं. म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून, डबीत घालून, गर्दीत पोटाशी धरून आणायचं. गाडी कुर्ल्याला अर्धा तास रखडली की माप गेलं. खरं तर ब्रिजचं माप अल्जिनेटवर घ्यायचंच नसतं, सिलिकॉनचं लागतं, पण ते महाग, म्हणून काही दवाखाने अल्जिनेटवरच भागवायचे. एका जुलैत आमचा मुलगा हिंदमाताच्या पाण्यातून डोक्यावर पिशवी धरून आला होता. पँट कमरेपर्यंत भिजलेली, मापं कोरडी. दुर्दैवाने कोरडीच! ओली राहायला हवी होती.

तर मूळ मुद्दा. ब्रिज जुना झालेला नाही. शेजारच्या दोन्ही दातांना आधीच कॅपा असतील, नाहीतर मोठमोठं सिमेंट भरलेलं असेल, तर त्यांना तसंही झाकायचंच आहे. तिथे ब्रिज हा सरळ, शहाणा मार्ग आहे. कुणाचं हाड कमी असतं, कुणाची साखर ताब्यात नसते, कुणाला हिरडी कापून घ्यायची भीती वाटते. इम्प्लांटलाही शस्त्रक्रिया आहे, महिनोनमहिने थांबणं आहे, पैसे आहेत. पण शेजारचे दोन्ही दात धडधाकट असतील, त्यांना साधा कीडेचा डागही नसेल, तर ब्रिजसाठी ते कोरणं हा मोठा सौदा आहे. चावायच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर, बाजूंनीही मिलिमीटर-दीड मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण खालच्या दाढेचा हिरडीवरचा भागच मुळात सात-साडेसात मिलिमीटर उंच असतो. आणि दातावरचं कवच एकदा गेलं की पुन्हा येत नाही. आमच्याकडे प्लास्टरच्या मॉडेलवर ते कोरलेले दात येतात तेव्हा सगळं स्वच्छ दिसतं, किती गेलं ते. पुढच्या दातांना काही वेळा मागून पातळ पंख चिकटवून भागतं, त्याला मेरीलँड ब्रिज म्हणतात, त्यात कोरणं अगदी थोडं. पण आमच्याकडे तसं काम वर्षातून दोन-चारदाच येतं.

लांबीचंही तेच. ‘आता दोन दात गेलेत, पण त्याच दोन खांबांवर भागवा’ असा निरोप येतो. तुळई लांब झाली की वाकते, हे कुठलाही गवंडी सांगेल. फरक एवढाच की वाक लांबीच्या घनाने वाढतो: मधल्या दाताची जागा दुप्पट झाली की वाक आठपट, तिप्पट झाली की सत्तावीसपट. वाकलं की वरचं सिरॅमिक तडकतं, नाहीतर सिमेंट सुटतं.

आता आमच्या थोरल्या जाऊबाईंचं सांगते. त्या भांडुपला राहतात, माहेर मालवणचं. उजवीकडची खालची सहा नंबरची (समोरच्या मधल्या दातापासून मोजत गेलं की सहावी) दाढ त्यांनी काढली होती. ही दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, लोक तिला दुधाची समजून दुर्लक्ष करतात, म्हणून पक्क्या दातांत सगळ्यात आधी बऱ्याचदा हीच जाते. त्यांच्या पाच आणि सात नंबरच्या दाढांना काहीही झालेलं नव्हतं. २०१६ साली घराजवळच्या एका दवाखान्यात दोन्ही कोरून ब्रिज बसवला. ‘लाइफटाइम आहे, आता बघायला नको’ असं सांगितलं गेलं. मी तेव्हा सासूबाईंच्या आजारपणात अडकले होते, मला कळलं ते ब्रिज बसल्यावर. मी त्यांच्या तोंडात डोकावले, शेड बरी होती, म्हटलं छान झालंय. लॅबवाल्याची नजर अशी दगा देते, आधी रंग बघते.

पाच वर्षांनी गणपतीत सगळे जमलो होतो. जाऊबाई खोबरं खवत होत्या. मध्येच मला हळूच म्हणाल्या, ‘गो, माझ्या तोंडाक वास येता. बघ मगे जरा.’ दुखत नव्हतं, हलत नव्हतं, चावता येत होतं. मी त्यांना गॅलरीत नेलं, मोबाइलचा टॉर्च लावला आणि ब्रिजच्या मागच्या टोकावर बोट ठेवून दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं. सात नंबरच्या कॅपेच्या कडेने, हिरडीजवळ, थुंकीचे बारीक बुडबुडे आले. तेवढं पुरे होतं. सातवरचं सिमेंट कधीच धुपून गेलं होतं. पण ब्रिज पडला नाही, कारण पाच नंबरने तो घट्ट धरून ठेवला होता. मधल्या काळात कॅपेखाली थुंकी, अन्न आत जात राहिलं आणि दाढ आतल्या आत सडत राहिली. एकटी कॅप असती तर सुटून हातात आली असती, माणूस दवाखान्यात गेला असता. ब्रिजचं दुखणं हेच, त्याचा एक पाय तुटला तरी तो उभाच असतो.

जुना दवाखाना बंद झालेला, त्या जागी मोबाइलचं दुकान. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी साधे प्रश्न विचारले: कधी बसवला, आत कुठला धातू, खालच्या दातांची नस काढली होती का, आधीचा एक्स-रे आहे का. जाऊबाईंनी पर्समधून पावती काढली. ‘फिक्स दात ३, पूर्ण पैसे मिळाले.’ बास. चार चाकी गाडीला सर्व्हिसचं पुस्तक मिळतं, गॅस शेगडीला कार्ड मिळतं, आणि माणसाच्या जबड्यात कायमचं बसवलेल्या वस्तूला एवढंच!

ब्रिज कापून काढला. पाच नंबर वाचली. सात ओल्या लाकडासारखी भुसभुशीत झाली होती, ती काढावी लागली. अक्कलदाढ पूर्वीच गेलेली. म्हणजे एका दाताची जागा भरायला गेलो आणि पाच वर्षांनी दोन दातांची जागा रिकामी, वर मागे खांबच नाही. आता ब्रिज होणार नाही. इम्प्लांटचा खर्च त्यांना जड, म्हणून काढता-घालता येणारी छोटी पातळ कवळी करून घेतलीय. ती मी केली, स्वतः. जेवताना जाऊबाई ती वाटीत काढून ठेवतात. मालवणची बाई, आणि कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, नांगी पोरांकडून फोडून घेते.

कापलेला ब्रिज डॉक्टरांनी टिश्यूत गुंडाळून मला दिला. लॅबमध्ये नेऊन भिंगाखाली धरला. सातच्या कॅपेची जिभेकडची कड आखूड होती, अर्धा मिलिमीटर असेल नसेल. तिथूनच सगळं आत गेलं. आमच्या लॅबचं काम नव्हतं ते, एवढंच समाधान. पण ते समाधान फार वेळ टिकलं नाही, कारण अशी कामं आमच्या हातूनही गेलेली आहेत. हे आजवर मी कुठे बोलले नाही.

त्याचं असं आहे. कॅप जिथे संपते आणि दात सुरू होतो त्या रेषेला आम्ही मार्जिन म्हणतो. मॉडेलवर ती रेषा लाल पेन्सिलीने आखायची आणि तिथपर्यंत बरोबर काम आणायचं. माप घेताना हिरडीतून रक्त येत असेल, थुंकी सुकवलेली नसेल, तर ती रेषा मापात उठतच नाही. स्कॅनर आला म्हणून हे बदललेलं नाही. रक्ताखालचं स्कॅनरलाही दिसत नाही. मग मी फोन करते, ‘डॉक्टर, सातवर मार्जिन दिसत नाहीये, माप परत घ्याल का?’ चांगले डॉक्टर ‘पाठवून द्या, परत घेतो’ म्हणतात, आणि असे डॉक्टर बरेच आहेत, हे मुद्दाम लिहिते. पण दुसरं उत्तरही येतं: ‘पेशंट परवा गावाला चाललाय. तुम्ही अ‍ॅडजस्ट करा.’ आणि आम्ही करतो अ‍ॅडजस्ट. अंदाजाने रेषा आखतो. नाही केलं तर काम उद्या दुसऱ्या लॅबला जाईल.

धातूचंही तसंच. स्वस्तातल्या ब्रिजमध्ये बहुतेक वेळा निकेल-क्रोमियम असतं. बहुतेकांना त्याने काही होत नाही. पण ज्या बायकांचे कान खोट्या कानातल्यांनी चिघळतात त्यांना निकेल सोसत नसण्याची शक्यता असते, आणि तेच निकेल त्यांच्या तोंडात आयुष्यभर ठेवायचं का, हा प्रश्न कुणीतरी त्यांना विचारायला नको? कोबाल्ट-क्रोमियम आहे, झिर्कोनिया आहे. (निकेल घासताना उडणारी धूळ आमच्या छातीत जाते तो वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधी.) झिर्कोनियासोबत हल्ली वॉरंटीचं कार्ड येतं, दहा वर्षं, पंधरा वर्षं. लोक ते कपाटात लॉकरच्या चावीशेजारी ठेवतात. ती वॉरंटी वस्तू तुटण्याची असते. खाली दात सडला तर ते कार्ड काही कामाचं नाही.

आणि साफसफाई. खोट्या दाताचं बूड हिरडीवर टेकलेलं असतं, तिथे साधा ब्रश पोचत नाही. सुपरफ्लॉस नावाचा दोरा मिळतो. त्याचं एक टोक कडक असतं, सुईसारखं, ते ब्रिजखालून ओवायचं आणि मधला फुगीर भाग पुढे-मागे फिरवायचा. दिवसातून एकदा. जाऊबाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही. ज्यांना तो दोरा जमत नाही त्यांच्यासाठी मागच्या दाढेत आम्ही कधीकधी खोट्या दाताखाली मुद्दाम मोकळी जागा सोडतो, पाणी आरपार जावं म्हणून. असं काम हमखास परत येतं: ‘पेशंट म्हणतो खाली फट राहिलीय.’ अहो, ती फटच तर केली होती!

माझी मागणी एकच आहे. ब्रिज बसवल्यावर पेशंटच्या हातात एक छापील चिठ्ठी मिळावी. कुठले दात कोरले, त्यांची नस काढली की जिवंत ठेवली, आत कुठला धातू किंवा झिर्कोनिया, कुठलं सिमेंट, शेड कुठली, तारीख, आणि काम कुठल्या लॅबचं. यातली निम्मी माहिती आम्ही वर्क स्लिपवर तशीही लिहितो, ती फक्त पेशंटपर्यंत जात नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. ग्राहकाला आपण काय विकत घेतलं ते कळू नये? दवाखान्यांनी आपणहून सुरू केलं तर उत्तमच. नाहीतर वाचकांनीच मागावी. आणि दात कोरायला बसण्याआधी ‘बाजूचे दोन्ही दात चांगले आहेत का, एक्स-रे मला दाखवा’ एवढं तरी म्हणावं. खर्चाची अडचण असेल तर मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी आहे. खेपा जास्त पडतात, विद्यार्थी काम करतात, पण मागे शिक्षक उभे असतात.

आमच्या लॅबने गेल्या दिवाळीपासून अशी चिठ्ठी प्रत्येक डबीत ठेवायला सुरुवात केली आहे, पिवळ्या कागदावर, मराठीत. खाली लॅबचा फोन आहे. आजवर त्यावर दोनच फोन आले. एक विक्रोळीहून, सुपरफ्लॉस कुठे मिळतो ते विचारायला. दुसरा एका डॉक्टरांचा, ‘या चिठ्ठ्या कशाला ठेवता?’ म्हणून. बाकीच्या बहुधा डबीबरोबर कचऱ्यात जात असाव्यात.

पत्र छापलंत तर नाव छापू नये ही विनंती. काम डॉक्टरांकडूनच येतं, आणि घरात अजून एक मुलगी शिकायची आहे.

आपली विश्वासू,
एक दंत तंत्रज्ञ, परळ